मदत हवी आहे: ओल्या वाळूवर मोबाईलने मोठी स्टॉप-मोशन फिल्म

मंडळी, नमस्कार.

किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत दाताळ्याने वीसेक मीटर लांबीचं कासव रेखाटायचं, थोडं पुसून थोडं पुढे सरकवायचं आणि दर वेळी उंचावरून एक फोटो घ्यायचा, अशी अर्ध्या मिनिटाची फिल्म आम्हाला करायची आहे. फोनच्या दर्जाची काळजी नाही. २०११ साली आर्डमन या ब्रिटिश अॅनिमेशन स्टुडिओने 'गल्प' ही स्टॉप-मोशन फिल्म वेल्समधल्या पेन्डाइनच्या किनाऱ्यावर नोकिया एन८ फोनवर केली आणि तिच्या भव्य सेटची गिनीजमध्ये नोंद झाली. आजचे फोन तर कितीतरी पुढे गेलेत.

अडलंय ते ओहोटीपाशी. सेकंदाला १२ फ्रेम धरल्या तर ३६० फोटो होतात. एका फोटोला पाच मिनिटं, म्हणजे ३० तास. एका ओहोटीत जेमतेम चार तास हाती लागतील, त्यात ४८ फोटो, म्हणजे चार सेकंदांची फिल्म. नंतर भरती येऊन सगळं पुसणार, त्यामुळे प्रत्येक शॉट एकाच ओहोटीत संपवणं भाग आहे. पण ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. पहिला शॉट सकाळच्या लांब सावल्यांत घेतला तर आठवड्याने तीच ओहोटी भर दुपारी येईल. शिवाय पौर्णिमेच्या उधाणाला सुरुवात केली तर अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी लागेल, पाणी तेवढं मागे जाणार नाही आणि वाळूच कमी मिळेल. मला वाटतं, कथाच सकाळपासून दुपारपर्यंतची ठेवावी आणि बदलत्या उन्हाला तिच्यात सामावून घ्यावं. सोबतच्यांचं म्हणणं, ढगाळ दिवसांची वाट पाहावी. तुम्ही काय केलं असतं?

दुसरा प्रश्न उंचीचा. ड्रोन नको, कारण बॅटरी बदलायला खाली उतरवला की तीच चौकट पुन्हा मिळत नाही. म्हणून सात मीटरचा अॅल्युमिनियमचा खांब, त्याला ताणाचे दोर आणि वर फोन, असा बेत आहे. एवढ्या उंचीवरून कॅमेरा तिरपाच राहणार, तेव्हा लांबचा भाग ताणून मोठा काढावा लागेल. त्यासाठी एकाने स्क्रीनवर आधीच्या फ्रेमची पुसट छाया बघत वाळूवरच्यांना सूचना द्यायच्या. चौकटीच्या कडेला खुंट्या रोवून ठेवू, म्हणजे वाऱ्याने खांब हलला तरी नंतर फोटो जुळवता येतील. पण वाळूत दोर कशाच्या आधाराने बांधायचे? साध्या खुंट्या ओल्या वाळूत टिकतील असं वाटत नाही. वाळूने भरलेली पोती पुरून चालतील का?

फोनमध्ये एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा), फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) लॉक करणार, एचडीआर (उजळ-गडद भाग आपोआप जुळवणारी सोय) बंद, आणि लेन्स आपोआप बदलू नये म्हणून मुख्य लेन्स पक्की. शटर ब्लूटूथ रिमोटने. तरी ढग आला-गेला की फिल्म लुकलुकणार. ती लुकलुक एडिटिंगमध्ये काढणं बरं, की दर फोटोला हाताने एक्स्पोजर बदलणं? उन्हात फोन तापून कॅमेरा बंद पडू नये म्हणून वर पांढऱ्या पुठ्ठ्याचं छप्पर करतोय, पण ते वाऱ्याला शिडासारखं धरेल अशी भीती आहे.

आणि पावलांचे ठसे. दर फोटोआधी दाताळ्याने मिटवावेत, की वळवळू द्यावेत? मला ते राहिलेलेच आवडतील, कारण माणसांनी हे हाताने केलंय हे त्यातून दिसतं. पण मोठ्या पडद्यावर ते कासवावरची नजर हटवतील का, हे ज्यांनी केलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. खांबाच्या दोरांबद्दल काही माहीत असेल तर ते आधी सांगा, खांब त्यावरच ठरायचा आहे.