मदत हवी आहे: जी बी आर-१ वरची काळी कड

जी बी आर-१ या शर्यतीच्या विमानाचं १/३२ मापाचं मॉडेल करतोय, १९३२ ची थॉम्पसन ट्रॉफी ही हवाई शर्यत जिमी डूलिटलने ज्यातून जिंकली ते ११ नंबरचं. पंखांचा पसारा जेमतेम २४ सेंमी, पण धड पिंपासारखं गोल, आणि गाडं अडलंय तिथेच: लाल-पांढऱ्या नागमोडी सीमेवरची बारीक काळी कड.

सध्याचा क्रम असा. पांढरा, वर चकचकीत क्लिअर (पारदर्शक थर), २४ तास सुकवणं. मग पांढरी बाजू झाकून सीमेलगत काळा पट्टा, पांढरं झाकणाऱ्या टेपला अगदी चिकटून त्या काळ्यावर अर्ध्या मिमीची विनाइल टेप, काळ्यावर लाल मळकट दिसू नये म्हणून गुलाबीचा हलका हात आणि शेवटी लाल. पंखांवर कड सुरेख येते. इंजिनाच्या झाकणावर आणि चाकांच्या कवचांवर मात्र वळणावर ताणलेली टेप तासाभरात आकसते, आतल्या कडेने सुटते आणि लाल खाली शिरतो.

टेपच्या कडेवर क्लिअर मारून पाहिलं: रंग शिरत नाही, पण टेप काढताना कड दातेरी तुटते. कागदी टेप वळतच नाही. डिकलच्या (पाण्यात भिजवून लावायच्या स्टिकरच्या) सरळ पट्ट्या, त्यांना मऊ करणारं सॉफ्टनर लावूनही सुरकुततात.

रंग अ‍ॅक्रिलिक लॅकर, एअरब्रशचं नोझल ०.३ मिमी, दाब १५ पीएसआय. टेप आकारात कापणारं कटिंग मशीन नाही.

टेपचा नाद सोडून, लालवर क्लिअर मारून शेवटी रूलिंग पेनने (दोन पात्यांमध्ये रंग भरून रेघ ओढायचं पेन) इनॅमलची रेघ ओढावी का? ओढायची तर इनॅमल किती पातळ करायचं, आणि दुहेरी गोलाईवर पेनला आधार कशाचा द्यायचा?