मदत हवी आहे: जुन्या टू-स्ट्रोकला उंच हँडल बसवलं, आता डावीकडे वळवलं की रेस वाढते

नमस्कार मंडळी,

बाबांची १०० सीसीची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल आहे. ऑइल पंपवाली (इंजिनला तेल वेगळ्या पंपाने जातं), १२ व्होल्ट, पुढे ड्रम ब्रेक. त्यांचा खांदा धरल्यापासून ती नुसती उभी होती. मूळचं हँडल सरळ आणि खाली, त्यामुळे पुढे झुकावं लागतं आणि सगळा भार खांद्यांवर येतो. त्यांनी पुन्हा ती चालवावी म्हणून मी जवळपास ७ सेंमी उंच आणि मागे वळलेलं हँडल आणलं. जुनं हँडल, ग्रिप, आरसे सगळं जपून ठेवलंय. गाडीवर कायमची खूण राहील असं काही करायचं नाही.

व्हर्नियरने मोजून घेतलं होतं, जुनं आणि नवं दोन्ही २२ मिमी, त्यामुळे क्लॅम्पमध्ये ते नीट बसलं. अडचण पुढे सुरू झाली. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की रेस आपोआप वाढते, सरळ केलं की उतरते. क्लचच्या लिव्हरला ढील अजिबात उरलेली नाही, ॲडजस्टर पूर्ण आत घेऊनही. अशा गाडीवर मी बाबांना बसवणार नाही. गर्दीत यू-टर्न घेताना गाडी स्वतःहून पुढे उडी मारेल, या कल्पनेनेच पोटात गोळा येतो. केबल किती लांब घ्यायच्या आणि त्या कशा मोजायच्या?

दुसरं, उजवीकडच्या स्विचच्या आत एक छोटी पिन आहे, ती जुन्या हँडलच्या भोकात बसते. नव्या हँडलला भोक नाही. एका मेकॅनिकने सांगितलं, पिन घासून टाका. मन मानत नाही.

आणि तिसरं, जे मला मुळीच उलगडत नाही. सोबत एलईडी इंडिकेटरही लावले. ते आधी फार भराभर लुकलुकत होते, म्हणून एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर (दिवे लुकलुकवणारा भाग) बसवला. वेग सुधारला, पण आता उजवा लावा की डावा, चारही एकदम पेटतात! वायरिंग दोनदा तपासलं, कुठेही शॉर्ट नाही.

प्रतिसाद

पिन घासू नका, आधी हे. ती गेली की मूठ पिळताना स्विचचं अख्खं घर हँडलवर फिरू शकतं, आणि ॲक्सिलरेटरची केबल त्याच घरात अडकवलेली असते. पिनच्या टोकाला रंग लावा, स्विच जागेवर दाबा, ठिपका उमटेल तिथे पिनच्या मापाचंच भोक पाडा. मोठं नको, आणि कडा कानशीने साफ करा.

केबल अंदाजाने घेऊ नका. आधी हँडलचा कोन पक्का करा, तोही चालवणारा सीटवर बसलेला असताना. मग जुन्या केबलच्याच वाटेने जाड दोरा फिरवा, हँडल दोन्ही टोकांना वळवून बघा आणि जिथे सगळ्यात जास्त ताण येतो तिथलं माप धरा. बाहेरचं कव्हर जितकं वाढेल तितकीच आतली तार वाढली पाहिजे, नाहीतर लिव्हरची ढील जमणारच नाही. पुढच्या ब्रेकची केबल विसरू नका. ती ताणली तर शू ड्रमला घासत राहतात आणि ब्रेक तापतो.

ऑइल पंप आहे म्हणून खास सांगतो. मुठीकडून येणारी एक केबल पुढे फुटून कार्ब्युरेटरला आणि पंपाला जाते. नवी बसवल्यावर पंपाच्या पुलीवरची खूण पुन्हा जुळवा. तेल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, आणि ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

इंडिकेटरचं म्हणाल तर मीटरमध्ये दोन्ही बाजूंना मिळून एकच पायलट बल्ब (इंडिकेटर चालू असल्याचं दाखवणारा छोटा दिवा) आहे ना? तो डाव्या आणि उजव्या वायरच्या मध्ये जोडलेला असतो आणि विरुद्ध बाजूच्या बल्बमधून अर्थ घेतो. जुन्या बल्बना तेवढा करंट पेटायला पुरत नव्हता, एलईडीला पुरतो. पायलट बल्ब काढून बघा. चारही पेटणं थांबलं तर दोन्ही वायरींवर एकेक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावून बल्बच्या एका टोकाला आणा, दुसरं टोक थेट अर्थला.

धागाकर्ता

पायलट बल्ब काढला. उजवा लावला तर उजवाच! दोन दिवस या चार दिव्यांनी झोप उडवली होती, मनापासून आभार. डायोड आणायला जातोय.

संध्याकाळी बाबांना सीटवर बसवलं. मला वाटत होतं त्यापेक्षा हँडल बरंच मागे घ्यावं लागलं, तेव्हा कुठे त्यांची कोपरं सैल झाली. पण आता पूर्ण वळवलं की डावा लिव्हर टाकीपासून जेमतेम एक बोट लांब राहतो. एवढं अंतर पुरेल का, की लिव्हरच थोडा आत सरकवू? क्लॅम्पजवळ मार्करने खूण करून ठेवलीय. हे ठरल्यावरच दोरा फिरवीन, आणि भोक सगळ्यात शेवटी.