‘थकवा’ला वेगवेगळे शब्द हवेत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. रुग्णांना भरायला द्यायच्या एका प्रश्नावलीचं मराठी करतेय आणि एकाच जागी अडकलेय. इंग्रजीत दमणुकीचे पाच-सहा प्रकार आहेत, माझ्या कच्च्या खर्ड्यात मात्र सगळीकडे ‘थकवा’!

परवा आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना सहज वाचून दाखवलं. "थकवा येतो का?" तर म्हणाल्या, "थकवा न्हाई वो ताई, त्राणच न्हाई. भरला तांब्या उचलायचा तरी हात कापतो." म्हणजे फॉर्मवर उत्तर ‘नाही’ पडलं असतं!

दिवसभर राबून अंग आंबून जातं, प्रवासाचा शीण येतो. हे झोपलं की जातं. आजारपणात माणूस गळून जातो, ते झोपून जात नाही. पावसाळी दुपारची मरगळ आणखी निराळी. ‘ग्लानी’ मी टाळतेय, कारण ती म्हटली की लोकांना अर्धवट शुद्ध आठवते. ‘भागणे’ तर आता ‘थकलाभागला’, ‘दमलाभागला’ अशा जोडशब्दांपुरतंच उरलंय (बाकी सगळं भागतं ते पैशात).

खरी अडचण शेवटच्या प्रश्नाची आहे. अंग ठीक, पण आतून काहीच उरलेलं नाही, ही अवस्था. ‘रितेपण’ कवितेतलं वाटतं, ‘पोकळी’ कुणी गेल्यावरची. ‘उदास’ म्हटलं तर दुःख आलं, आणि इथे दुःखसुद्धा नाहीये.

तुमच्या घरात, गावाकडे याला काय म्हणतात? वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, काहीही चालेल. फक्त शब्द नको, अख्खं वाक्य सांगा, म्हणजे वापर कळेल.