मदत हवी आहे: नगरपालिका कायद्यातल्या दुरुस्ती विधेयकाचा आपल्या शहरावर परिणाम कसा ओळखायचा?

धागाकर्ता: ब_वर्ग

नमस्कार. नगरपालिका कायद्यात बदल होणार अशी बातमी येते, पण ती 'प्रभाग बदलणार' किंवा 'करमाफी मिळणार' एवढ्यावरच संपते. साठ हजार वस्तीच्या, ब वर्ग नगरपरिषदेच्या गावासाठी दोन पानी टिपण तयार करायचे आहे. विधेयकाची प्रत हातात आहे असे धरून तीन गोष्टी हव्या आहेत.

१) वाचायला सुरुवात कुठून करायची?
२) निवडून आलेल्या सभागृहाची मुदत अशा दुरुस्तीने कापली जाऊ शकते का?
३) पालिकेच्या तिजोरीवर पडणारा भार कसा काढायचा? विधेयकात तर 'वित्तीय भार नाही' असेच दिसते.

---

परंतुक

आधी कोणत्या कायद्यात दुरुस्ती आहे ते पाहा. मुंबईला १८८८ चा कायदा, बाकीच्या महापालिकांना १९४९ चा, आणि तुमच्यासारख्या नगरपरिषदांना व नगरपंचायतींना १९६५ चा. एकच विधेयक अनेकदा तिन्हींत हात घालते, मग विधेयकात प्रत्येक कायद्यासाठी वेगळे प्रकरण असते. महापालिकेबद्दलचा खंड (विधेयकातले कलम) वाचून नगरपरिषदेची चिंता करण्यात अर्थ नाही.

मग १९६५ चा अद्ययावत कायदा शेजारी उघडा. विधेयकात पूर्ण कलम नसते, 'अमुक मजकुराऐवजी तमुक मजकूर दाखल करण्यात येईल' एवढेच असते. मूळ कलमात पेन्सिलीने खोडून नवे शब्द लिहा आणि कलम सलग वाचा. 'करील'च्या जागी 'करू शकेल' आले, किंवा 'परिषद' काढून 'राज्य शासन' घातले, तर खरा बदल तिथेच आहे. छापील प्रत जुनी असेल तर मधल्या दुरुस्त्या सुटतात आणि सगळे टिपण चुकते.

वाचायचा क्रम उलटा ठेवा. शेवटचे खंड आधी, म्हणजे व्यावृत्ती (जुन्या कायद्याखाली झालेले काय टिकते), संक्रमणकालीन तरतुदी (जुन्यातून नव्यात जाताना मधल्या काळात काय) आणि 'अडचणी दूर करण्याचा अधिकार'. मग प्रारंभाचा खंड: लगेच लागू, शासन ठरवील त्या तारखेला, की मागील तारखेपासून? उद्देश व कारणांचे निवेदन सगळ्यात शेवटी, कारण ते सरकारची बाजू सांगते, कायद्याचा परिणाम सांगत नाही.

शेवटचे खंड आधी का, तर मार्च २०२२ पाहा. तेव्हाच्या दुरुस्तीने प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून शासनाकडे गेला. बातम्यांत तेवढेच होते. पण तोवर आयोगाने केलेली प्रभागरचनेची प्रक्रियाही त्याच दुरुस्तीने रद्द झाली, आणि शहरांना खरा फटका त्याचा बसला. ४ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ११ मार्चपूर्वीच्या रचनेवर निवडणुकीची प्रक्रिया पुढे न्यायला सांगितले. त्यानंतर ऑगस्टमध्ये पुन्हा कायदा बदलला. मुंबईची सदस्यसंख्या २२७ ची २३६ आणि २३६ ची परत २२७ झाली. मार्च २०२२ मध्ये मुदत संपलेल्या मुंबई महापालिकेची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासक.

अध्यादेश असेल तर आणखी एक गोष्ट. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो संपतो. पण तोवर त्याखाली झालेली कामे आपोआप पुसली जात नाहीत. अध्यादेशाची तारीख आणि विधेयकाची तारीख दोन्ही टिपणात लिहा.

---

अनुच्छेद२४३

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर संविधानातच आहे. १९९२ च्या ७४ व्या दुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून लागू आहे, नगरपालिकेची मुदत पाच वर्षे ठरवली. अनुच्छेद २४३-यू च्या खंड (२) नुसार कायद्यातल्या कोणत्याही दुरुस्तीमुळे कार्यरत नगरपालिका मुदतीपूर्वी विसर्जित होऊ शकत नाही. विसर्जन करायचेच तर आधी पालिकेला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते, आणि सहा महिन्यांत निवडणूक.

पण हे संरक्षण सभागृहाला आहे, नगराध्यक्ष निवडण्याच्या पद्धतीला नाही. ती पद्धत २०१६ मध्ये थेट जनतेतून, २०२० मध्ये सदस्यांतून आणि २०२२ मध्ये पुन्हा थेट झाली. अशा विधेयकात तीन ठिकाणी खूण करा: विद्यमान नगराध्यक्ष मुदत पूर्ण करणार का, त्याला पदावरून काढण्याचा अधिकार कोणाकडे, आणि नगराध्यक्ष एका पक्षाचा व बहुमत दुसऱ्याचे असेल तर अर्थसंकल्प अडल्यावर काय. तिसऱ्याचे उत्तर विधेयकात नसेल तर टिपणात ठळक लिहा. उपनगराध्यक्ष सदस्यांतून निवडला जातो, म्हणून अशी कोंडी खरोखर होते.

आणि प्रभागांबाबत हयगय करू नका. अनुच्छेद २४३-झेडजी मुळे मतदारसंघांचे सीमांकन आणि जागावाटप याविषयीच्या कायद्याला न्यायालयात आव्हान देण्यावर बंधन आहे. बोलायची जागा म्हणजे प्रारूप रचनेवरच्या हरकती. तिथे नकाशा, प्रगणक गट (जनगणनेचा सर्वांत लहान भाग) आणि लोकसंख्येचा आकडा देऊन बोला. 'आमची गल्ली तोडली' एवढ्यावर सुनावणीत काही हाती लागत नाही.

---

ताळेबंद

तिसऱ्या प्रश्नात सगळ्यांचीच गफलत होते. वित्तीय ज्ञापनात, म्हणजे विधेयकाला जोडलेल्या खर्चाच्या टिपणात, राज्याच्या एकत्रित निधीतून (सरकारच्या मुख्य तिजोरीतून) होणारा खर्च दाखवतात. नगरपरिषदेचा निधी वेगळा. त्यामुळे करमाफीने पालिकेचे उत्पन्न निम्मे झाले तरी ज्ञापनात 'भार नाही' येऊ शकते, आणि ते खोटे नसते. तो हिशेब पालिकेनेच करायचा.

मालमत्ता कराच्या बिलातला प्रत्येक रकाना वेगळा मांडा. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर पालिका राज्यासाठी गोळा करते, ते तिचे उत्पन्न नाही. माफी कोणत्या रकान्याला आहे ते शब्दशः पाहा. मुंबईत २०१९ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना फक्त सर्वसाधारण कर माफ झाला. बाकीचे रकाने राहिल्याने लोकांच्या हाती बिले येतच राहिली. पूर्ण माफीसाठी २०२२ मध्ये पुन्हा दुरुस्ती करावी लागली.

हिशेबाचा नमुना: १०,००० मिळकती, त्यांतल्या ४,००० माफीत, पालिकेच्या वाट्याचा कर सरासरी ९०० रुपये. मागणी (आकारलेला कर) ३६ लाखांनी घटली. वसुली ७० टक्के असेल तर रोखीतला फटका २५ लाख २० हजार. दोन्ही आकडे द्या, नाहीतर 'तुमची वसुली तरी कुठे होते' हे उत्तर ठरलेले आहे.

भरपाईचे आश्वासन असेल तर आधारवर्ष आणि वाढीचा दर कायद्यात लिहिलाय का ते बघा. जकात आणि स्थानिक संस्था कर गेल्यावर महापालिकांसाठी २०१७ च्या भरपाई कायद्यात २०१६-१७ हे आधारवर्ष आणि ८ टक्के चक्रवाढ असे दोन्ही होते. १०० कोटींचे पाच वर्षांत सुमारे १४७ कोटी होतात. नुसत्या शासन निर्णयातल्या भरपाईला हा आधार नसतो.

---

ब_वर्ग

फार मोलाची माहिती. हरकत नेमकी कुठे द्यायची? आणि नगरपरिषदेने ठराव केला तर उपयोग होतो का?

---

परंतुक

प्रत्येक विधेयक लोकांच्या सूचनांसाठी खुले होत नाही, ही मोठीच उणीव आहे. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले तर समिती सूचना मागवते. विशेष जनसुरक्षा विधेयक २०२४ वर अशा १२ हजारांहून अधिक आल्या होत्या. नगरपालिका विधेयके बहुधा त्याच अधिवेशनात मंजूर होतात, म्हणून स्थानिक आमदारांना खंड चर्चेला येण्याआधी गाठा. एका पानावर तीन ओळी: खंड क्रमांक, आत्ताचे शब्द, हवे असलेले शब्द. आमदाराला दुरुस्ती सूचना द्यायला एवढेच लागते. आठ पानी निवेदन फाइलमध्येच राहते.

ठराव जरूर करा. मुख्याधिकाऱ्यांमार्फत नगरविकास विभाग आणि नगरपरिषद प्रशासन संचालनालय दोन्हींकडे पाठवा, सोबत ताळेबंद यांनी सांगितलेला तक्ता जोडा. ठरावाची भाषा मात्र 'शिफारस करण्यात येते' अशीच ठेवा. 'अंमलबजावणी करणार नाही' असे लिहिलेत तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी तहकूब करू शकतात.

विधेयक मंजूर झाल्यावरही काम उरते. 'विहित करण्यात येईल' हे शब्द जिथे जिथे आहेत तिथले तपशील पुढे नियमांत येतात. नियमांचा मसुदा राजपत्रात आला तर त्यात हरकतींची मुदत दिलेली असते. ती तारीख आत्ताच कोणा एकाच्या जिम्मे करा.