जुनं टिरेल पी३४ रिस्टोअर करतोय, पुढच्या छोट्या चाकांचं काय करू?

सहाचाकी_सातारा:
मंडळी, तामिया या जपानी मॉडेल कंपनीचं १/२० स्केलचं टिरेल पी३४ हाती लागलंय, म्हणजे पुढे चार आणि मागे दोन चाकं असलेल्या फॉर्म्युला वन गाडीचं प्लॅस्टिक मॉडेल, सत्तरच्या दशकातलंच जुनं किट, कुणीतरी अर्धवट जोडून वर ब्रशने जाड निळा इनॅमल फासलेला. बॉडी सरळ आहे, सस्पेन्शनचा एकही आर्म तुटलेला नाही, इंजिन तर हातच न लावल्यासारखं. गोची चाकांची आहे. टायर इतकी वर्षं रिमवर बसून राहिलेत की रिमचं प्लॅस्टिक वितळल्यासारखं झालंय, पुढच्या चारपैकी दोन रिमच्या कडाच गेल्यात आणि मागच्या दोन्हींना चर पडलेत. मागची चाकं त्या काळच्या दुसऱ्या एखाद्या फॉर्म्युला वन किटमधून जमतील पण पुढची एवढीशी कुठून आणायची? मला ही गाडी १९७६ च्या स्वीडिश ग्रां प्रीमधली करायचीये, अँडरस्टॉर्पच्या ट्रॅकवर टिरेलचा शेक्टर पहिला आणि देपाये दुसरा आला होता ती, सहा चाकांच्या गाडीने जिंकलेली ती एकमेव ग्रां प्री, त्यामुळे चाकांवर तडजोड करायची इच्छाच होत नाहीये.

भोसरीचा_टर्नर:
भाऊ आधी व्हर्नियर घे आणि शाबूत असलेली रिम माप, नेटवरच्या आकड्यावर जाऊ नको. खऱ्या गाडीची पुढची चाकं १० इंची म्हणजे २५४ मिमी, भागिले २० केलं की १२.७ मिमी, आणि मागची १३ इंची म्हणजे साधारण १६.५. पण हे माप टायर जिथे बसतो तिथलं असतं, बाहेरची कड त्याहून मोठी, या स्केलला दीड-पावणेदोन मिमी तरी जास्त धर. लोक इथेच फसतात, कड १२.७ ची करून घेतात आणि मग चाक खेळण्यातलं वाटतं.
माझं मत विचारशील तर अ‍ॅल्युमिनियमची रिंग लेथवर टर्न करून घे. पूर्ण चाक नाही हं, फक्त बाहेरची रिंग, मधला भाग किटचाच साफ करून आत बसवायचा, बाजारात रेडिमेड मिळणारे मेटल रिमचे सेट पण असेच असतात. खऱ्या धातूची कड जशी चमकते तशी कुठल्याच रंगाने येत नाही. मोठ्या शॉपमध्ये चार-सहा नगांचं काम कोणी घेत नाही, छोट्या लेथवाल्याकडे कामाची गर्दी नसेल तेव्हा जा आणि कागदावर ड्रॉइंग काढून ने, आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी, कडेची जाडी सगळं लिहून. नुसतं "असं पाहिजे" म्हणून नमुना दाखवला तर काम बिघडतं.

साचेवाली:
टर्नर दादांचं बरोबर आहे पण दोन रिम शाबूत आहेत ना, मग त्यांचीच कॉपी का नको? आरटीव्ही सिलिकॉनचा, म्हणजे न तापवता घट्ट होणाऱ्या रबराचा साचा करायचा आणि पॉलियुरेथेन रेझिन ओतायचं, चारही चाकं एकसारखी येतात, धातू आणि प्लॅस्टिकचा मेळ घालत बसावं लागत नाही. आमच्या पेणला गणपतीचे रबरी साचे करतात तेच तत्त्व, फक्त इथे माल बारीक आहे म्हणून बुडबुड्यांची भीती जास्त. आधी टूथपिकने थोडं रेझिन कडेकडेला फिरवून घ्यायचं मग उरलेलं बारीक धारेने एकाच कोपऱ्यातून ओतायचं. आणि प्लॅटिनम क्युअरचं सिलिकॉन घेतलंत तर खाली लावायची क्ले सल्फर नसलेलीच घ्या, नाहीतर सिलिकॉन तिथे चिकट राहतं, वाळतच नाही. पण मास्टर म्हणून जी रिम वापराल तिच्यावर आधी पूर्ण मेहनत घ्या, ओरखडा राहिला तर तो चारही चाकांवर येणार.

जुनी_किट्स_ठाणे:
चाकं कशीही करा पण ती कशाने खराब झाली ते आधी समजून घ्या, नाहीतर नवी पण तशीच जातील. टायरच्या व्हिनाइलमध्ये ते मऊ राहावं म्हणून प्लास्टिसायझर घातलेलं असतं, ते हळूहळू बाहेर येतं आणि किटच्या प्लॅस्टिकला, म्हणजे पॉलिस्टायरिनला खातं. म्हणून प्लॅस्टिकची रिम असेल तर टायर आणि रिमच्या मध्ये प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप एक वेढा द्या, बाहेरून दिसत नाही. शोकेसमध्ये टायरखाली पण प्लॅस्टिक नको, काच चालेल. अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगला हा त्रास नाही, हा मुद्दा टर्नर साहेबांच्या बाजूने.
आणखी एक, तामियाने पी३४ पुन्हा पुन्हा बाजारात आणलंय, त्यामुळे नव्या किटमधली चाकांची स्प्रू, म्हणजे पार्ट जोडलेली प्लॅस्टिकची फ्रेम, कुणाकडे सुटी मिळते का हे आधी बघा, मास्टरसाठी कोरी रिम मिळाली तर सोनंच.
रंग काढायला एनसी थिनर अजिबात नको, पॉलिस्टायरिन विरघळतं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून बघा, जुना इनॅमल हट्टी असतो, नाही निघाला तर डॉट ३ ब्रेक ऑइल, हातमोजे घालून, आधी एखाद्या फालतू तुकड्यावर. पारदर्शक पार्ट मात्र दोन्हीत टाकू नका. डिकल, म्हणजे गाडीवर लावायचे पातळ स्टिकर, पिवळे पडले असतील तर झिपलॉक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, काही दिवसांच्या उन्हात पिवळेपणा बराच जातो. पावसाळ्यात नको, दमट हवेत डिकल खराब होतात.

सहाचाकी_सातारा:
खूप आभार सगळ्यांचे. आता ठरवलंय की पुढची चारही चाकं साचेवाली ताईंच्या पद्धतीने करायची आणि मागच्या दोघांना अ‍ॅल्युमिनियमची रिंग, मागची रिम रुंद आणि खोल असल्यामुळे धातू तिथेच जास्त दिसेल. रेझिनवर पण टेफ्लॉन टेप लावूनच टायर चढवतो. अजून एक राहिलं, कॉकपिटच्या बाजूला ड्रायव्हरला पुढची चाकं दिसावीत म्हणून ज्या छोट्या खिडक्या होत्या त्यांच्यावर ग्लूचे डाग पडलेत, ते पॉलिशने जातील का?

जुनी_किट्स_ठाणे:
ग्लूने प्लॅस्टिकच विरघळलेलं असतं, वरवरचं असेल तर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने ओलं घासून मग कंपाउंड लावा. खोल असेल तर वेळ घालवू नका, शर्टाच्या पॅकिंगमध्ये येते तसली पातळ पारदर्शक शीट कापा आणि पांढऱ्या फेव्हिकॉलने आतून चिकटवा, सुकल्यावर तो पारदर्शक होतो. आणि पुढची चाकं बसवताना चारही जमिनीला टेकतायत का ते काचेवर ठेवून बघा, एक जरी अधांतरी राहिलं तर या गाडीत लगेच नजरेत येतं.