कपाटातले पेले कोण वाजवतंय?

रविवार

कुलकर्णी काकू बी ५०२ (सकाळी ७:१२): काल रात्री पुन्हा तेच. पावणेबारापर्यंत. काचेच्या कपाटातले पेले अक्षरशः एकमेकांवर आपटत होते. नाना दोनदा उठून बसले, म्हणाले भूकंप आहे, गॅस बंद कर. मी नाव घेत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलंय.

रूपाली बी ७०२ (७:३०): काकू, आमच्याकडेही. बेड हलतो हो. मला वाटलं घोडबंदर रोडचं मेट्रोचं काम आता आपल्या बिल्डिंगखालूनच काढलं.

म्हात्रे दादा सी १०१ (७:३३): मेट्रोवाल्यांनी रात्री एवढं मनावर घेतलं असतं तर काय पाहिजे होतं 😂

देशपांडे काका ए ३०१ (७:५०): ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. निवासी क्षेत्र: दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सर्वांनी वाचावे.

निखिल पवार बी ६०२ (९:४०): गुड मॉर्निंग. नाव घेतलंत तरी चालेल काकू, मीच तो. माझ्या होम थिएटरच्या रिसीव्हरचा (सगळ्या स्पीकरना आवाज वाटणारी पेटी) व्हॉल्यूम ९८ पर्यंत जातो, मी ५५ च्या वर कधी नेत नाही. काल मोबाईलवर आवाज मोजायचं मीटर लावून दाराबाहेर मोजलं, ४३ डेसिबल आलं. म्हणजे देशपांडे काकांच्या नियमात बसतं.

कुलकर्णी काकू बी ५०२: बाळा, तुझ्या मोबाईलला कळत नसेल, आमच्या पेल्यांना कळतं.

निखिल पवार बी ६०२: बरं. आणि पहाटे साडेपाचला खलबत्ता कोण कुटतं, तेही एकदा ग्रुपवर येऊ दे. मी इतके दिवस काही बोललो नाही.

कुलकर्णी काकू बी ५०२: ती लसणाची चटणी असते. दिवाळीत डबा नेलास तेव्हा बरी गोड लागली.

म्हात्रे दादा सी १०१: काकू चटणी गोड? 😂😂

सावंत सचिव: आदरणीय सभासद, कृपया वैयक्तिक वाद ग्रुपवर टाळावेत. हा ग्रुप केवळ सूचनांसाठी आहे.

रूपाली बी ७०२: हो का सावंत साहेब? मग मागच्या महिन्यात तुमच्या मेहुण्यांच्या हापूसच्या पेट्या कुठल्या सूचनेत बसत होत्या?

सावंत सचिव: ती सभासदांसाठी सवलत होती मॅडम.

देशपांडे काका ए ३०१: ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. निवासी क्षेत्र: दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सर्वांनी वाचावे.

मंदार ए ७०४ (१०:२५): मी मध्ये पडू का? निखिल, तुझे ४३ खरे आहेत आणि काकूंचे पेलेही खरे आहेत. ते मीटर आपल्या कानासारखं मोजतं. खालचे, जाडे सूर कानाला कमी ऐकू येतात म्हणून मीटर तेही कापून दाखवतं. ३० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ३० कंपनांच्या सुराला, जवळजवळ ४० डेसिबल वजा. नियमातलं मापही त्याच जातीचं. शिवाय मोबाईलचा माईक बोलणं टिपायला असतो, ढोल टिपायला नाही. म्हणजे तुझा सबवूफर (सब, जाडे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) घर हलवत असला तरी मीटर म्हणणार सगळं शांत आहे.

देशपांडे काका ए ३०१: म्हणजे नियम चुकीचा आहे असं म्हणायचंय का?

मंदार ए ७०४: नाही काका. नियम लाउडस्पीकरला ठीक आहे. सबवूफर त्यातून निसटतो.

देशपांडे काका ए ३०१: २००० सालचा नियम आहे. वाचावा.

निखिल पवार बी ६०२: मंदारदादा, पण भिंतींना फोम लावलाय मी. काळे त्रिकोणी असतात ते. बारा हजार गेले.

मंदार ए ७०४: त्याने हॉलमधला टाळीचा घुमारा कमी होतो. ४० हर्ट्झची एक लाट साडेआठ मीटर लांब असते, तिला दोन इंची फोम म्हणजे मच्छरदाणी. ती स्लॅबमधून उतरते. सब कुठे ठेवलायस?

निखिल पवार बी ६०२: चपलांच्या कपाटाशेजारी, कोपऱ्यात. फरशीवर. बारा इंची आहे, स्पीकरचं तोंड खाली आहे त्याचं.

मंदार ए ७०४: कोपरा, फरशी आणि तोंड खाली. काकूंच्या पेल्यांचा काहीच दोष नाही.

म्हात्रे दादा सी १०१: ताजे बोंबील आलेत, किलोप्रमाणे. ज्यांना पाहिजेत त्यांनी ११ च्या आत सांगा. बोंबील हलले तरी आवाज करत नाहीत.

रूपाली बी ७०२: दादा अर्धा किलो. साफ करून.

कुलकर्णी काकू बी ५०२: इथे माणसं झोपू शकत नाहीत आणि बोंबील.

कुलकर्णी काकू बी ५०२: आणि सिनेमा संपला तरी घूं घूं असा आवाज येतच असतो. पहाटे तीनला पण. ते कोण?

सावंत सचिव: पवार साहेब, कृपया याचीही नोंद घ्यावी.

निखिल पवार बी ६०२: सावंत साहेब, बुधवार ते शुक्रवार मी नाशिकला होतो. घर बंद, मेन स्विच बंद. काकू, त्या दिवसांत घूं होतं का?

कुलकर्णी काकू बी ५०२: होतं. गुरुवारी तर नानांनी उठून फ्रिज बंद करून बघितला.

रूपाली बी ७०२: मग पंप असणार. मागच्या मीटिंगला मी बोलले होते, तेव्हा "पुढच्या मीटिंगला घेऊ" झालं.

सावंत सचिव: पंपाचा विषय अजेंड्यावर आहे. आज होम थिएटरचा विषय चालू आहे.

मंदार ए ७०४: निखिल, दुपारी वर येतो. रिमोट आणि एक जुना योगा मॅट काढून ठेव.

(दुपारी ४:०५)

निखिल पवार बी ६०२: अपडेट. मंदारदादांनी सब उचलून सोफ्यावर ठेवलाय, एकच ठेका सुरू केलाय आणि मला जमिनीवर रांगायला लावलंय.

रूपाली बी ७०२: 😂😂 फोटो हवा

निखिल पवार बी ६०२: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे

म्हात्रे दादा सी १०१: मी बघितला. शेजारच्या घरची बाळं पण एवढं छान रांगत नाहीत.

मंदार ए ७०४: हसू नका, रीत हीच आहे. जिथे बसून ऐकायचं तिथे सब ठेवायचा आणि जिथे सब ठेवता येईल तिथे आपण कान नेऊन बघायचं. जिथे ठेका मोजका आणि स्पष्ट लागतो ती सबची जागा. कोपऱ्यात तो फुगून नुसता घुमतो. आपला हॉल १६ फुटी, त्यात साधारण ३५ हर्ट्झचा सूर भिंतीपासून भिंतीपर्यंत उभा राहतो. आणि काकूंचा हॉल खाली अगदी तेवढाच, त्याच नकाशाचा. निखिलच्या घरातला सूर खाली जाऊन पुन्हा तसाच घुमतो.

कुलकर्णी काकू बी ५०२: म्हणजे बिल्डरने सगळ्यांना सारखंच फसवलंय.

मंदार ए ७०४: आता खरी भानगड. रिसीव्हर पहिल्यांदा लावताना प्रत्येक स्पीकरचा आवाज मोजून बसवायला त्याच्याबरोबर जो माईक येतो, तो निखिलने सोफ्याच्या गादीवर आडवा टाकला होता, पंखा चालू. तो कानाच्या उंचीवर, स्टँडवर हवा आणि खोली शांत. सबच्या पाठीमागचं आवाजाचं बटण पूर्ण फिरवलेलं. रिसीव्हर बिचारा सबला कमी करत करत मायनस १२ डेसिबलवर गेला, त्याच्या खाली त्याला जाताच येत नाही. मग आमच्या हिरोने काय केलं?

निखिल पवार बी ६०२: बेस कमी वाटला म्हणून मेनूत जाऊन हाताने शून्य केलं. कबूल.

मंदार ए ७०४: १२ डेसिबल म्हणजे पॉवर जवळजवळ सोळापट. काकू, तुमच्या पेल्यांना सोळापट दणका बसत होता.

कुलकर्णी काकू बी ५०२: मी सकाळपासून काय सांगतेय.

निखिल पवार बी ६०२: पण दादा, मी व्हॉल्यूम वाढवतो कारण संवादच कळत नाहीत! ती कुजबुजते म्हणून वाढवलं की पुढच्या मिनिटाला स्फोट.

मंदार ए ७०४: तेही सापडलं. टीव्हीतून आवाज पीसीएमवर (टीव्हीनेच आवाज उलगडून पाठवायची सेटिंग) ठेवलेला, रिसीव्हरला दोनच चॅनेल मिळत होते आणि तो तसेच दोन वाजवत होता. मधला स्पीकर, ज्यातून संवाद यायचे, तो नुसता शोभेचा. तोही टीव्ही युनिटच्या काचेच्या दाराआड. आता टीव्हीत बिटस्ट्रीम (आवाज जसाच्या तसा रिसीव्हरकडे) केलंय, काच उघडली, मधल्याला दोन डेसिबल जास्त दिलेत. व्हॉल्यूम ५५ वरून ४३ वर आणला तरी शब्द न शब्द कळतोय.

देशपांडे काका ए ३०१: ४३ म्हणजे नियमात बसलं.

मंदार ए ७०४: काका, हा रिसीव्हरवरचा आकडा आहे, डेसिबल नाहीत.

देशपांडे काका ए ३०१: ४५ च्या खाली आहे ना. झालं तर.

(संध्याकाळी ६:१०)

निखिल पवार बी ६०२: काकू, आता चाचणी. सब कोपऱ्यातून काढून सोफ्याशेजारी आणलाय, खाली योगा मॅट चार घड्या करून आणि त्यावर जिममधली जाड रबरी लादी. पाठीमागचं बटण अर्ध्यावर आणून माईक पुन्हा लावला, यावेळी कॅमेऱ्याच्या स्टँडवर. आता मायनस ४ आलंय, हात लावणार नाही. पुढचे स्पीकर "लार्ज" होते ते "स्मॉल" केलेत, ८० हर्ट्झच्या खालचं सगळं एकट्या सबकडे. स्फोटाचा सीन लावतोय. पेल्यांकडे बघा.

कुलकर्णी काकू बी ५०२: थांब, नानांना उभं करते कपाटापाशी.

निखिल पवार बी ६०२: लावला.

कुलकर्णी काकू बी ५०२: लावलास का?

निखिल पवार बी ६०२: संपला पण काकू. दोन इमारती पडल्या.

कुलकर्णी काकू बी ५०२: पेले गप्प. नानांच्या खोकल्याच्या औषधाची बाटली किंचित वाजली.

मंदार ए ७०४: निखिल, सब अजून दोन डेसिबल खाली. रिसीव्हरवरून, पाठीमागचं बटण नको.

निखिल पवार बी ६०२: आता?

कुलकर्णी काकू बी ५०२: बाटली गप्प. नाना म्हणतात थोडंसं कळतंय पण ते चालेल.

रूपाली बी ७०२: इथे वर पण बेड हलला नाही. निखिल, एकदा आधीसारखं करून दाखव ना, मिस्टरांना खरं वाटत नव्हतं.

कुलकर्णी काकू बी ५०२: काही गरज नाही.

मंदार ए ७०४: रात्री १० नंतर रिसीव्हरमधला नाइट मोड लाव. कुजबुज वर येते, स्फोट खाली येतो. मजा कमी होते, पण शेजार टिकतो. १०:३० नंतर सबचं बटणच बंद.

निखिल पवार बी ६०२: १०:३०? शनिवारी ११ तरी करा. पन्नास हजारांचा सब आहे.

कुलकर्णी काकू बी ५०२: साडेदहा.

निखिल पवार बी ६०२: मग खलबत्ता साडेसहानंतर.

कुलकर्णी काकू बी ५०२: सहा.

निखिल पवार बी ६०२: चालेल. चटणी राहिलीच काकू.

कुलकर्णी काकू बी ५०२: डबा परत कर आधी. निळ्या झाकणाचा.

म्हात्रे दादा सी १०१: साफ केलेले बोंबील शिल्लक आहेत दीड किलो. सकाळच्या भांडणात कोणी घेतलेच नाहीत.

मंदार ए ७०४: सावंत साहेब, मी येताना पंपरूममध्ये डोकावलो. पंपाखालची रबरं दगडासारखी झालीत आणि वर जाणारा पाइप ५०२ च्या बाथरूममागे भिंतीला सरळ लोखंडी क्लॅम्पने आवळलाय. रबरं बदलून क्लॅम्पमध्ये रबर टाकलं आणि पंपाजवळ पाइपला रबरी जोड दिला तर घूं बरीच जाईल. निखिलला आज जे केलं तेच, फक्त इथे योगा मॅट चालणार नाही.

सावंत सचिव: आपल्या सूचनेचे स्वागत. तीन कोटेशन मागवावी लागतील.

रूपाली बी ७०२: मेहुण्यांकडून एक येईलच.

सावंत सचिव: मॅडम, हे योग्य नाही.

देशपांडे काका ए ३०१: ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. निवासी क्षेत्र: दिवसा ५५

देशपांडे काका ए ३०१: अर्धवट गेला. पुन्हा पाठवतो.

सोमवार

कुलकर्णी काकू बी ५०२ (पहाटे ३:१०): घूं. सुरू झालं. निखिल तू झोप बाळा, तुझं काही नाही.

देशपांडे काका ए ३०१ (३:१२): ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. निवासी क्षेत्र: दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सचिवांनी वाचावे.

निखिल पवार बी ६०२ (३:१४): 👍 देशपांडे काका

सावंत सचिव (सकाळी ९:०२): नोंद घेतली आहे.