शार्क खरंच एकलकोंडा असतो का?

'शार्क म्हणजे एकटा फिरणारा, दिसेल त्याला फाडणारा प्राणी' हे एका वाचकानं प्रतिसादात लिहिलेलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. बहामाजमधल्या बिमिनी बेटांचंच बघा. तिथं लेमन शार्कची दोन-तीन फुटी पिल्लं खारफुटीच्या मुळांलगत, गुडघाभर पाण्यात वाढतात. संशोधकांनी त्यांना कुंपणात ठेवून पाहिलं, तर ती अनोळखी पिल्लांपेक्षा ओळखीच्यांसोबत जास्त पोहत होती. पुढं तर कमालच! कुठं गेलं की खाऊ मिळतो हे शिकलेल्या पिल्लाबरोबर नवखं पिल्लू सोडलं, तर तेही ते काम लवकर शिकलं. शेजाऱ्याकडं बघून शिकणं म्हणतात ते हेच ना? प्रशांत महासागरातल्या पालमायरा बेटाजवळ तर काही ग्रे रीफ शार्क चार-चार वर्षं त्याच सोबत्यांबरोबर राहिलेले आढळलेत.

माणसाला त्यांची भीती वाटते हे मी समजू शकते, दातच तसे आहेत. पण जगभरात शार्कच्या हल्ल्यात वर्षाला साधारण 5-6 माणसं दगावतात आणि आपण मारतो कोट्यवधी शार्क. मालवणच्या बाजारात टोपलीत पडलेली हातभर मोरी (म्हणजे छोटा शार्कच) पाहिली की मला हल्ली तिचे सोबती आठवतात.